हॅम, चोरीस आणि ठोकळा

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

भाच्याचा लग्नाचा कोट मी शिवणार, असं गेल्या गणपतीत सगळ्यांसमोर बोलून बसले होते. आता तारीख ठरली आहे. तुळशीचं लग्न आटोपलं की २४ नोव्हेंबर. कापड आणलं आहे, गडद निळं टेरीवूल (लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्रण), सव्वादोन मीटर. अजून कात्री लावलेली नाही.

आज त्याच कापडाच्या कडेच्या तुकड्यावर एक टक्स (फुगवटा यावा म्हणून घालायची निमुळती घडी) आणि एक सरळ शिवण घालून बघितली. शिलाईत काही खोट नाही, तीस वर्षं ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते आहे. पण इस्त्री केल्यावर तीन गोष्टी बिघडल्या. टक्सच्या टोकाला चोच आली. शिवणीच्या आतल्या दाबाची (टाक्याबाहेर सोडलेल्या कापडाची) कड सुलट्या बाजूला रेघ होऊन उमटली. आणि जिथे इस्त्री दोनदा फिरवली तिथे कापड चकाकायला लागलं, जुन्या पॅंटच्या बसण्याच्या जागेसारखं.

इस्त्री करते ती जेवणाच्या टेबलावर, खाली घोंगडी आणि वर जुनी चादर घालून. ब्लाऊजला आजवर हे चाललं. कोटाला चालणार नाही हे दिसतंच आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात पूर्वी कोट शिवणारे एक टेलरमामा होते. दुकान केव्हाच मुलाने मोबाइलचं केलं, मामा मागच्या खोलीत असतात. माझा तुकडा त्यांनी उजेडाकडे धरला, उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाये, तुजी इस्त्री धांवता. ती बसूंक जाय."

धावते, बसली पाहिजे. एवढ्यावरच थांबले असते तरी माझं काम झालं असतं, पण मग ते तासभर बोलले. त्यांची करवंटीच्या कोळशाची इस्त्री पाच किलोच्या वर होती, त्यामुळे हाताने दाब द्यायची गरजच नव्हती, ठेवली की पुरे. कापडावर ओला फडका, फडक्यावर इस्त्री, मोजून चार अंक, उचल, पुढच्या जागी ठेव. आणि खाली कधीही सपाट फळी नाही. छातीच्या टक्सखाली जुन्या लोकरीची घट्ट गाठोडी, बाहीच्या शिवणीखाली फडकं गुंडाळलेलं लाटणं. "आंग फळयेवरी आसता काय?" असा त्यांचा उलट प्रश्न. अंग फळीसारखं असतं का?

घरी येऊन शब्दकोश उघडला. इस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून आल्याचं कोशकार सांगतात. त्याचा अर्थ ताणणं, ओढणं. बटणाचं काजही त्यांच्याच 'काझा'वरून आलं. म्हणजे नावातच ओढाताण आहे, आणि कोटाच्या कामात नेमकं तेच करायचं नाही.

मामांच्या गाठोड्याला इंग्रजीत टेलर्स हॅम म्हणतात, डुकराच्या मांडीच्या आकाराची असते म्हणून. लाटण्याच्या जागी सीम रोल. विकत मिळतात, पण बाहेरून मागवायच्या आणि भाव असा की त्यात अस्तर, कॅनव्हास (कोटाच्या आत घालायचं ताठ कापड), बटणं सगळं येईल. आधी हत्यारं घरी करायची, मग कोटाला हात लावायचा. तीन महिने आहेत.

२५ ऑगस्ट, रविवार

उशीला (घरात मी हॅमला उशीच म्हणणार) एक बाजू सुती आणि एक बाजू लोकरीची लागते. सुती बाजूवर कडक इस्त्री चालते, म्हणजे इस्त्रीच्या खुणेचे तीन ठिपके, २०० अंशांपर्यंत. लोकरीची बाजू दोन ठिपक्यांच्या, १५० अंशांच्या कामाला. ती ओलावा धरून ठेवते आणि वरच्या कापडाला चिकटून राहते, ते घसरत नाही.

डिचोलीत लोकर कुठून आणू? कपाटात बाबांचा गरम कोट होता, बेळगावला नोकरीत असताना शिवलेला. पाठीवर कसर लागून चाळण झालेली. आई म्हणाली, घे, नाहीतरी दर पावसाळ्यात मीच उन्हात घालते आणि मीच परत आत ठेवते.

उसवायला दोन तास लागतील असं वाटलं होतं, दुपार गेली. मी कापड काढायला बसले आणि कोट वाचत राहिले. लॅपलच्या (छातीवर उलटणाऱ्या कॉलरच्या पट्टीच्या) आत कॅनव्हासला शेकडो तिरके हातटाके, सुलट्या बाजूला एकही दिसत नाही. अस्तर काढल्यावर, टाके काढल्यावर, कॅनव्हास वेगळा केल्यावरही छातीचा भाग टेबलावर सपाट पडेना. वाटीसारखा उभाच राहिला. टक्स तर मी उसवलेला होता! म्हणजे तो फुगवटा टाक्यांत नव्हता, कापडातच होता. कुणीतरी चाळीसेक वर्षांपूर्वी ओल्या फडक्याने आणि जड इस्त्रीने तो तिथे बसवला आणि एवढे पावसाळे जाऊनही तो उठला नाही.

यामागचं कारण केसांना कळतं. लोकर आणि केस एकाच जातीचे, दोन्ही केराटिनचे. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात. ओलाव्याने आणि उष्णतेने धाग्यातले काही बंध सुटतात आणि सुकताना, गार होताना नव्या जागी धरतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही पीत नाही. माझं कापड निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, त्यामुळे बाबांच्या कोटाइतकं ते माझं ऐकणार नाही. हे आताच लिहून ठेवते, पुढे स्वतःला दोष देताना उपयोगी पडेल.

पाठीचा कसर लागलेला भाग टाकला. पुढच्या दोन्ही भागांतून उशीला पुरेल एवढं चांगलं कापड निघालं, थोडं उरलंही.

नमुना कागदावर काढला: अंड्याचा आकार, लांबी १४ इंच, रुंद टोकाला १० इंच. रुंद टोकाला दोन आणि निमुळत्या टोकाला एक छोटा टक्स, म्हणजे पोट गोल येतं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

भरायला भुसा. कापूस चालत नाही, दबतो. फोम वितळतो. तांदूळ भरावा असं शेजारीण म्हणाली. वाफेवर वाफ दिल्यावर त्याचं काय होईल हे तिला मी सांगितलं नाही. काथ्या सुचला होता, पण काथ्या भिजवला की पाणी तांबडं होतं हे कुणाला माहीत नाही? लाकडाचाच भुसा हवा, चिकाचा नसलेल्या लाकडाचा, कोरडा.

आमचे मेस्त (सुतार) सध्या कुणाचातरी देव्हारा करताहेत. तिथून दोन गोणी भुसा आणला. रंग छान पिवळसर. आधी चाळणीतून चाळला, कारण लाकडाच्या सळ्या कापडातून बाहेर येऊन कपड्यात ओढ घालतात. मग, पावसाने तो दमट होता म्हणून, जुन्या कढईत मंद आचेवर परतला. हात थांबवायचा नाही, भुसा आतून धुमसतो आणि कळत नाही. पूर्ण स्वयंपाकघरभर गोडसर वास. नवरा दोनदा येऊन विचारून गेला की शिरा आहे का.

१ सप्टेंबर, रविवार

भरली. आत मांजरपाटाचे दोन पदर, बाहेर एका बाजूला बाबांच्या कोटाचं कापड, दुसऱ्या बाजूला धुवून आटवलेलं जाड सुती ड्रिल. न धुता घेतलं तर पहिल्याच वाफेत ते आकसेल आणि शिवण फुटेल. निमुळत्या टोकाला चार इंच उघडं ठेवून तिथून डावाने भुसा घालायचा आणि लाटण्याच्या टोकाने ठेचायचा. भरली असं वाटतं, पुन्हा जमिनीवर आपटायची, पुन्हा दोन डाव मावतात. असं सहा-सात वेळा. बोट दाबून खड्डा पडला तर अजून भरायचं. शेवटी दगड झाल्यावर दुहेरी दोऱ्याने तोंड शिवलं. तळहाताला फोड आहेत. स्वयंपाकघराच्या काट्यावर पावणेदोन किलो.

४ सप्टेंबर, बुधवार

चवथ (गणेशचतुर्थी) शनिवारी. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या (करंज्या), पाहुणे. टेबल दिलं. काम बंद.

१५ सप्टेंबर, रविवार

पाहुणे गेले. उशीवर पहिलं काम म्हणून नवऱ्याचा पांढरा शर्ट घेतला, खांद्याची शिवण आणि कॉलर. सुती बाजू वर, इस्त्री कडक, फडका भरपूर ओला. खांदा असा बसला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शर्ट उचलला तर खांद्यावर हळदीकुंकवातल्या हळदीसारखा डाग. इस्त्री बघितली, फडका बघितला, हात बघितले. मग उशी बघितली. सुती बाजूवर वाफ लागली होती तिथे पिवळा चट्टा.

मेस्तांना फोन केला. देव्हारा कशाचा आहे? "फणसाचो. आनी कसलो?"

फणसाचंच असणार! देवघराला फणसाचं लाकूड आपल्याकडे पूर्वापार, वाळवीला दाद देत नाही म्हणून. आणि फणसाच्या गाभ्याचं लाकूड उकळून त्या पाण्यात बौद्ध भिक्खूंची वस्त्रं रंगवतात, थायलंडात आणि ब्रह्मदेशात. मी वाचलेलं होतं. त्या लाकडाचा पावणेदोन किलो भुसा ठेचून भरायचा आणि वरून वाफ सोडायची, म्हणजे मी घरी रंगाची भट्टीच लावली होती. भुसा परतताना त्याचा पिवळा रंग किती छान म्हणून बघत बसले होते, ते वेगळंच.

शर्ट तीन धुण्यांनंतरही बदामी आहे. नवरा म्हणतो, दत्तजयंतीला घालीन.

२० सप्टेंबर, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. ड्रिल दीड मीटर, मांजरपाट तीन मीटर, मलमल एक मीटर. ऑर्गन्झा मागितला तर नायलॉनचा दाखवला, खरा रेशमी हवा होता. रेशमी ऑर्गन्झाचा फडका इस्त्रीखाली घातला तर त्यातून खालची शिवण दिसते आणि तो उष्णताही सोसतो. नायलॉन इस्त्रीला चिकटून बसेल. शेवटी आईच्या जुन्या साडीच्या पदराचा तुकडा तिच्याकडून मागून घेतला. या प्रकल्पात आईचं कपाट रिकामं होत चाललं आहे.

मेस्तांकडून वेगवेगळ्या लाकडांचा मूठमूठ भुसा आणला. पांढऱ्या कपांत घालून वर उकळतं पाणी आणि अर्ध्या तासाने पांढऱ्या चिंधीवर ते ओतून बघायचं. फणस: सांगायला नको. सागवान: पाणी तपकिरी, चिंधीवर कडेने वळ, आणि तेलकट वास. आंबा: पाणी किंचित मळकं, चिंधी सुकल्यावर काही नाही. खैराचा आणला नाही, ज्यातून कातच निघतो त्याची परीक्षा कसली घ्यायची.

आंबा ठरला.

२९ सप्टेंबर, रविवार

दुसरी उशी पूर्ण. पहिलीची लोकरीची बाजू उसवून तीच लावली, वाफेचा डाग फक्त सुती बाजूला होता. या वेळी दोन उन्हं मिळाली, भुसा गच्चीवर वाळवला आणि चाळला. कढई वाचली.

उरलेल्या भुशातून आणि बाबांच्या कोटाच्या बाहीतून सीम रोल: लांबी १५ इंच, व्यास ३ इंच, दोन्ही टोकं गोल. साडेसहाशे ग्रॅम. काम सोपं, भरणं तेवढंच जिवावर येणारं. याचा उपयोग उघड्या शिवणीला. गोल रोलवर शिवण ठेवली की इस्त्रीचा दाब नेमका टाक्यावर येतो आणि दाबाच्या दोन्ही कडा खाली उतरत्या राहतात, त्यांच्यावर इस्त्री टेकतच नाही. म्हणून सुलट्या बाजूला रेघ उमटत नाही. १८ ऑगस्टच्या तुकड्यावरची दुसरी तक्रार एवढ्याने गेली.

दोन्ही टेबलावर ठेवले तर मुलगी म्हणाली, एक हॅम, एक चोरीस (आमच्याकडचं डुकराच्या मांसाचं सॉसेज). खरंच तसंच दिसतं, लठ्ठ चोरीस. श्रावणात कांदा न खाणाऱ्या सासूबाई जवळच होत्या. त्यांनी विचारलं काय आणलंय म्हणून. शिवणाचं, म्हटलं.

६ ऑक्टोबर, रविवार

ठोकळा. इंग्रजीत क्लॅपर. दिसायला निव्वळ लाकडाचा तुकडा आणि सगळ्या हत्यारांत हाच खरा जादूचा. वाफेची इस्त्री उचलायची आणि त्याच क्षणी तिथे लाकूड दाबून धरायचं. लाकूड ओलावा शोषतं, उष्णता मात्र पटकन बाहेर जाऊ देत नाही. कापड दाबाखाली, सपाट राहून सुकतं आणि गार होतं. नुसती इस्त्री केली तर कापड गरम आणि दमट असताना आपण ते उचलतो, आणि बसवलेली घडी हातातच सुटते. पूर्वीचे कारागीर हा ठोकळा शिवणीवर आपटायचे, टाळी वाजवल्यासारखा, म्हणून त्याला तसं नाव. आपटायची गरज नाही. धरून ठेवायचा.

लाकूड घट्ट हवं आणि कोरं हवं. पॉलिश नाही, तेल नाही, वॉर्निश तर नाहीच, वाफेने सगळं कापडावर उतरतं. मेस्तांनी आधी शिसवाचा तुकडा काढला, देखणा होता, पण रंगाचं लाकूड आता मला बघवत नाही. चिंच निघाली. मुसळ आणि खाटकाचा ओंडका ज्याचा करतात ते लाकूड. बाहेरचा फिका भाग घेतला. १० इंच लांब, अडीच रुंद, पावणेदोन जाड, कडा गोल, दोन्ही बाजूंना बोटं रुततील अशी खाच. वजनाला भारी. गरम पाण्याची आणि ओल्या चिंधीची परीक्षा त्याचीही घेतली, पास.

मेस्तांना मी पॉलिश नको म्हटलं ते काही पटलं नाही. फुकट करून देतोय म्हणून अर्धवट घेते, असं त्यांना वाटलं असावं. पैसे घेतले नाहीत, ठोकळ्याकडे मात्र जाताना दोनदा वळून बघितलं.

त्याच लाकडातून कॉलरचं टोक बसवायची उभी पट्टीही केली, एक टोक बोटासारखं निमुळतं. आणि बाहीची फळी, २० इंच लांब, एका पायावर उभी, म्हणजे बाही तिच्यावर चढवता येते. तिच्यावर घोंगडीचा तुकडा आणि मांजरपाट. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, फळी आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मशीन, कात्री, इस्त्री, उशी, रोल, ठोकळा, सगळ्यांना झेंडू. फणसाच्या उशीलाही घातला.

१३ ऑक्टोबर, रविवार

तुकड्यांवर सराव, दिवसभर.

क्रम ठरला. शिवण घातली की ती आधी जशी आहे तशी मिटलेली असतानाच इस्त्री करायची, त्याने टाके कापडात बसतात. मग रोलवर उघडायची. मग फडका, वाफ, ठोकळा. मी घड्याळ लावलं. दहा सेकंद धरला तर शिवण पुन्हा थोडी उठते, वीस ते तीसला उठत नाही. आणि ठोकळा काढल्यावरही कापड हलवायचं नाही, पूर्ण गार होईपर्यंत हात मागे. हा भाग मला सगळ्यात जड जातो.

टक्स उशीवर, रुंद टोकाच्या फुगवट्यावर ठेवायचा, रुंद बाजूकडून टोकाकडे यायचं आणि टोकावर थांबायचं. टोकाच्या पुढे इस्त्री नेली की चोच आलीच. टक्सच्या घडीखाली जाड कागदाची पट्टी सरकवली तर घडीचा ठसा वर येत नाही. लग्नपत्रिकांचे कागद उत्तम, घरात आता ढीग आहे.

चकाकी: फडका असेल तर येत नाही, नसेल तर येते. यात अधलंमधलं काही नाही.

मामांना तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत, चहा मागवला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कोट कापला. हात थरथरला हे खरं आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. भाऊ, वहिनी, भाचा सगळे आले, ओवाळून झाल्यावर ट्रायल. कच्च्या दोऱ्यातला कोट, एक बाही लावलेली, एक नाही. पाठ बरोबर. छाती बरोबर, टक्स शोधावा लागतो. डाव्या खांद्याला पाव इंच उतार जास्त हवा, क्रिकेटचा खांदा. भाचा आरशात बघून म्हणाला, "आत्या, हा विकतच्यासारखा दिसत नाही." मी घाबरले. मग कळलं की स्तुती होती.

बाही मात्र वाईट. मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या गोलाच्या) वरच्या भागाला चुण्या.

१० नोव्हेंबर, रविवार

बाहीचा दिवस. बाहीचा वरचा गोल हा मुंढ्यापेक्षा मोठा कापतात, म्हणजे खांद्यावर ती भरून बसते. तो जादा भाग चुण्या न पडता आत घालायचा. शुद्ध लोकरीत तो वाफेने अक्षरशः आटवता येतो. दोन सैल धावदोरे घालायचे, ओढायचे, बाहीचा माथा उशीच्या टोकावर टोपीसारखा चढवायचा आणि इस्त्रीच्या नाकाने कडेकडेने वाफ द्यायची. चुण्या विरघळतात आणि कापड लहान होऊन उशीचा आकार घेतं. बाबांच्या कोटाच्या उरलेल्या बाहीच्या तुकड्यावर करून बघितलं तेव्हा दोन मिनिटांत झालं, पाहत राहावं असं.

टेरीवूलमध्ये त्यातलं पॉलिएस्टर आटायला तयार नाही. नमुन्यात पावणेदोन इंच जादा होतं, चार वेळा वाफ देऊनही चुण्या तशाच. शेवटी बाही उसवून माथा कमी केला, सव्वा इंचावर आणला. त्यातलंही मागच्या बाजूला जास्त सारलं, कारण हात पुढे येतो तेव्हा ताण मागे पडतो. आता बसली. रात्रीचे अकरा. कापड विकत घेताना थोडे जास्त पैसे टाकून शुद्ध लोकर घेतली असती तर ही संध्याकाळ वाचली असती, पण मग नोव्हेंबरात गोव्यात तो कोट घालणार कोण.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल तुळशीचं लग्न, आज लॅपल. लॅपलची घडी इस्त्रीने कधीच मोडायची नाही. गळ्यापासून खाली येताना ती वळते, वरच्या बटणाच्या दोनेक इंच वर तर नुसतीच लोळते, आणि त्या लोळण्यातच कोटाची सगळी ऐट असते. उशी उभी धरली, कॉलर तिच्या गळ्यात घातल्यासारखी गुंडाळली, लॅपल स्वतःहून जिथे पडला तिथे वरून वाफ दिली, इस्त्री न टेकवता. मग तसाच उशीच्या गळ्यात सोडून जेवायला गेले.

कडा पट्टीवर, मग ठोकळ्याखाली. शिवणीचे थर असतानाही कड पोस्टकार्डासारखी पातळ झाली आहे. टोकं पट्टीच्या बोटावर बसवली, दोन्ही सारखी.

खिशाची झाकणं शेवटी घेतली. डावं झालं आणि वीज गेली. उजव्याला वाफ दिलेली होती, इस्त्रीत थोडी ऊब होती, तिच्यावरच उरकलं. मेणबत्तीच्या उजेडात ठोकळा सापडेना, हातानेच दाबलं. ठीक दिसतंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

अस्तर हाताने, काजं हाताने. काजांवर मी खूश नाही, पण नवरदेवाच्या काजाकडे कुणी वाकून बघत नाही. शेवटची पूर्ण इस्त्री सुलट्या बाजूने: आईच्या साडीचा रेशमी फडका, हलकी वाफ, कुठेही ओढणं नाही. हँगरवर टांगला. उद्यापर्यंत कुणीही हात लावायचा नाही अशी चिठ्ठी दारावर.

२० नोव्हेंबर, बुधवार

उशी आणि रोल उन्हात दोन तास. इतकी वाफ प्यायल्यावर त्या लगेच कपाटात गेल्या तर आपल्या हवेत बुरशी ठरलेली. सुती पिशवीत घालून हवेशीर टांगल्या, प्लॅस्टिकमध्ये नाही. लोकरीच्या बाजूजवळ कडुनिंबाचा पाला. ज्या कसरीने बाबांचा कोट खाल्ला तिला उरलेला तुकडा तरी मिळू नये.

फणसाची उशी टाकवत नाही. काळ्या आणि गडद कपड्यांना ती चालते, पिवळं दिसत नाही. तिच्यावर खडूने मोठं 'फ' लिहिलं आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

लग्न झालं. कोट आज परत माझ्याकडे, वहिनीने पाठवला, बाहीवर सोलकढीचा शिंतोडा आहे म्हणून. शिंतोडा निघाला. मग खिडकीत टांगून सावकाश बघितला.

अकरा तास अंगावर होता, त्यात दोन तास नाच. लॅपल जिथे ठेवला होता तिथेच लोळतोय. छातीची वाटी जागच्या जागी. शिवणी सपाट. कोपराला आडव्या घड्या आहेत, त्या यायच्याच. डाव्या खिशाचं झाकण अंगाला चिकटून.

उजव्या खिशाच्या झाकणाचं टोक वर बघतंय. फोटोंतही बघतंय, मी सगळे फोटो मोठे करून पाहिले.

फडका ओला केला आहे. इस्त्री दोन ठिपक्यांवर. ठोकळा समोर काढून ठेवला आहे, आणि तिच्या घरात इन्व्हर्टर आहे का ते शेजारणीला विचारून घेतलं आहे.